दोन मुठींची करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. माणसाएवढी लांब, दोन्ही टोकांना लाकडी मूठ असलेली. लोहाराने मला दोघा भावांसाठी घडवले. पुढे धाकटा परमुलखात गेला आणि वखारीत थोरला एकटाच उरला.

त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. मुलीच्या काकांनी आणि याच्या आत्याने परस्पर ठरवले. तिला कुणी विचारलेसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मला इथं राहायचं नाही."

तो गडबडला. "नदीला पूर आलाय. पाणी उतरलं की मी स्वतः सोडून येईन."

आणि त्याने आपले अंथरूण वखारीत, माझ्या शेजारी हलवले.

माझ्या दुसऱ्या मुठीला दगड बांधून तो एकटाच ओंडका कापू लागला. फळी इकडे जाड, तिकडे पातळ! दारातून बघणाऱ्या तिला हसू आवरेना.

"अहो, कापताय की कुरतडताय?" असे म्हणत तिने दगड सोडला आणि मूठ धरली.

"ढकलू नकोस," तो म्हणाला. "ओढायचं आणि सैल सोडायचं. मग मी ओढतो."

संध्याकाळी तिच्या तळव्यांना फोड आले. सकाळी बघते तर माझ्या तिच्या बाजूच्या मुठीला मऊ कापड गुंडाळलेले. त्याच्या सदऱ्याची एक बाही गायब होती! त्या दिवसापासून कामात गप्पा सुरू झाल्या.

पाणी उतरले. तो राहा म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. पण शब्द दिलेला. मान खाली घालून तो तिला माहेरी सोडून आला.

दोन महिने मी खुंटीवर गंजत होते. मग एका दुपारी ती दारात उभी राहिली, एकटीच, काखेत बोचके घेऊन.

"काही विसरलं का?" त्याने विचारले.

"तेव्हा मला आणलं होतं. आज मी आलेय."

तो आ वासून बघतच राहिला. तिने मला खाली काढले. "बघत काय बसलात? हिला गंज चढलाय. कानस कुठंय?"

त्यानंतर चाळीस वर्षे त्यांनी मला ओढले. कधी भांडत, बरेचदा हसत. आता दोघेही नाहीत. यंत्र आले आणि मी भिंतीमागे ओलीत पडले.

मित्रांनो, मला कोरडे पुसा, तेलाचा हात फिरवा. लोखंडाला तेवढे पुरते. माणसाला मात्र आधी विचारावे लागते.