अकरा किलोंच्या टाळ्या

मी वजनकाटा आहे, वयाने जुना आणि स्वभावाने कडू. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माणसांवर माझा राग आहे. तो का, ते ऐकाच.

पोटात स्प्रिंग, पाठीवर खरबरीत रबर आणि काचेआड आकड्यांची चकती, असा मी घडलो. माझी पहिली वर्षे एका दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर वजन बघून थांबत नसत. भूक, झोप, तहान, घरातली दुखणी, सगळे खोदून खोदून विचारत. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान होता. पुढे दवाखाना बंद झाला आणि मी शर्ट शिवण्याच्या कारखान्यात येऊन पडलो.

तिथल्या सुपरवायझरबाईंच्या डोक्यात खूळ शिरले. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांची वजने! बायका चपला काढत, गळ्यात अडकवलेली धागे कापायची कात्री काढत, एकजण तर केसांतल्या पिनाही उपसून ठेवी. जिचे वजन सर्वांत जास्त उतरले, तिचे नाव फळ्यावर आणि वर टाळ्या. जिचे वाढले, तिची टर. एकीने तर रागाने मलाच लाथ घातली. जणू मीच तिला घास भरवत होतो!

काजांच्या मशीनवरच्या मावशींना सगळ्या 'गोणी' म्हणत. मावशी हसून साजरे करत, पण माझ्यावर चढण्याआधी दोनदा पाय मागे घेत. ते फक्त मला कळे.

मग त्यांचे वजन भराभर उतरू लागले. चार किलो, सात, करत करत अकरा. लागोपाठ तीन शनिवार फळ्यावर त्यांचेच नाव!

"मावशी, करता काय तुम्ही? आम्हालाही सांगा की!" इस्त्रीवाली ताई मागेच लागली.

"काही नाही गं. उलट जेवण वाढलंय माझं. तहान तेवढी फार लागते."

"म्हणजे पाण्यानेच उतरलं!"

झाले! सोमवारपासून सगळ्या बाटल्याच्या बाटल्या रिचवू लागल्या. मावशींना सुईत दोरा ओवता येईना, दर अर्ध्या तासाला त्या उठून जात. बाई त्यावरून करवादत, पण दवाखान्यात दाखवा, असे एकीलाही सुचले नाही. संतापाने माझी स्प्रिंग तुटायची बाकी होती.

चौथ्या शनिवारी टाळ्या चालू असतानाच मावशी कोसळल्या.

रक्तातली साखर भयंकर वाढली होती. "आणखी उशीर झाला असता, तर हाती लागल्या नसत्या," इस्पितळातले डॉक्टर म्हणाल्याचे ताईने परत येऊन सगळ्यांना सांगितले.

दीड महिन्याने मावशी कामावर आल्या. रोज इन्शुलिन घेत होत्या. शनिवारी माझ्यावर उभ्या राहिल्या. तीन किलो जास्त.

"अरेरे! वाढलं की हो पुन्हा!" बाई म्हणाल्या.

मावशी खाली उतरल्या नाहीत. "खाल्लेलं अंगी लागतंय आता, म्हणून वाढलं. मी मरत होते, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होता, बाई."

ताईने मान खाली घातली. मला मात्र मनापासून बरे वाटले.

मित्रांनो, मी नुसता आकडा दाखवतो. तो का चढला, का उतरला, हे मला कळत नाही आणि तुम्हालाही नुसते बघून कळत नाही. ते डॉक्टरांना विचारा. कुणाच्या अंगावरून हसू नका आणि उगाच वाहवाही करू नका. त्यापेक्षा "बरी आहेस ना?" एवढे विचारा. तेही जमत नसेल, तर माझ्यावर पाय ठेवू नका.