शेअर म्हणजे नेमकं काय?

मी एक इंग्रजी शब्द आहे. शेअर. जन्मलो तेव्हा माझा अर्थ होता कापणं. पुढे कापून वाट्याला आलेल्या तुकड्यालाच माझं नाव पडलं. आपल्यातलं दुसऱ्याला देणं, हा अर्थ मला फार उशिरा मिळाला. आता फोटो, ऑटो, कंपन्या, सगळीकडे मीच असतो. तरी लोक माझ्यावर संशय घेतात तो त्या जुन्या अर्थामुळे. रायपूरच्या तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत तेच झालं.

तिथे शंकरराव एकटेच राहतात. रेल्वेतून निवृत्त, बायको गेलेली, दोन्ही किडन्या निकामी. मुलगी शर्मिष्ठा शहरातच दिलेली. डायलिसिसला तीच नेते. एका दुपारी ती त्यांच्या स्वयंपाकघरातून नागपूरच्या भावाशी, परागशी, फोनवर बोलत होती.

"सगळे कागद शेअर कर. बाबांना इतक्यात सांगू नको. तयारी झाली की सही घेऊन घेऊ."

मी तिच्या तोंडून साधाच निघालो होतो. दाराआड उभ्या शंकररावांच्या कानात शिरलो तो भलताच होऊन.

तिची पाठ वळताच त्यांनी घराचे कागद तांदळाच्या डब्यात लपवले. मग शेजारच्या निरंजन सरांकडे गेले. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे.

"सर, शेअर मंजे नेमकं काय?"

"मुळात कापणं. त्यावरून वाटा. मग..."

"मंजे आधी कापतेत, मंग वाटून घेतेत. मी जिता असतानाच!"

माझा पुढचा अर्थ सरांच्या तोंडातच राहिला. शंकरराव पायरी उतरलेसुद्धा.

त्यानंतर शर्मिष्ठा पाणी आणायला उठली तरी त्यांची नजर तिच्या मागे जायची. तिनं पर्स उघडली की हे मान ताणून आत बघायचे. शुक्रवारी ती दवाखान्यात न्यायला आली, तर आतून कडी.

"बाबा, दरवाजा खोलो. उशीर होऊन राहिला."

"नाही येत. घर पाहिजे न तुले? मी मेल्यावर घे!"

 मग खिडकीच्या गजांतून तिचा मोबाइल आत आला. पडद्यावर तपासण्यांचे रिपोर्ट होते.

"हेच कागद शेअर केले परागनं. त्याची किडनी नाही जुळली, बाबा. माझी जुळली."

शंकररावांनी रिपोर्टवरचं तिचं नाव पुन्हा वाचलं.

"काहून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"आताही नाहीच म्हणतो."

तरी त्यांनी कडी काढली. तिच्यासोबत डायलिसिसला गेले.

आज आठ दिवस झाले. ऑपरेशनच्या संमतीचा कागद बिनसहीचा पडून आहे. माझी विनंती एवढीच, मी कानावर पडलो तर पुढचं वाक्यही ऐकून घ्या.

सकाळी शंकररावांनी परागला फोन लावला. बराच वेळ नुसते खोकत राहिले.

"डॉक्टरले विचारजो," ते शेवटी म्हणाले, "माह्या पोट्टीले किती दुखीन."