पुस्तक दिलेलं कुणी?

राजारामपुरीतल्या त्या वाचनालयात पुस्तक मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दिलेलं कुणी?" आता वाचणाऱ्याला ते काय ठाऊक? पण तिथं कपाटं दात्यांच्या नावानं आणि यादीही दात्यांच्याच नावानं. ज्यानं पुस्तकं दिली त्याच्या कपाटात ती कायमची राहायची, मग स्वयंपाकाच्या पुस्तकाला खेटून कायद्याचं का असेना. शिवणकामाचं पुस्तक मागायला आलेल्या बाया दात्याचं नाव सांगता येईना म्हणून हात हलवत परत जायच्या. ही काय रीत झाली?

ग्रंथालयाची पदविका घेऊन त्रिशला चौऱ्याहत्तर साली तिथं लागली आणि महिन्याभरात तिचं टाळकं फिरलं. तिनं एकेका पुस्तकाची तीन कार्डं लिहायला घेतली. एक विषयाचं, एक नावाचं, एक लेखकाचं, आणि प्रत्येकावर खाली दात्याचं नाव न् कपाटाचा नंबर. सात महिने तिनं मान मोडून काम केलं.

चिटणीस त्र्यंबकरावांना अख्खी यादी तोंडपाठ. त्यांना हा उद्योग सुरुवातीपासून खुपत होता. "बाई, दात्यांची नावं मागं टाकलीत तर उद्या पुस्तकं देणार कोण?" ते म्हणाले. "वार्षिक सभेपुढं ठेवू. सभा नको म्हणाली तर तुमची कार्डं रद्दीत, आणि तुम्ही दुसरीकडं बघा." एवढं बोलून ते चहा प्यायला निघून गेले.

सभेला कागलचे नेमगोंडा पाटील आले. सगळ्यांत मोठे दाते तेच, वडिलांच्या नावाची तीन कपाटं त्यांची. पाटील बोलले की बाकीचे माना हलवणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"वडलांचं नाव कपाटावर हाय, त्येच बघून पुस्तक काढायचं," पाटील म्हणाले. "तुझी कार्डं तू घरी घिऊन जा, पोरी."

त्रिशलाला रडू आलं आणि रागही आला.

पाटील खाली बसता बसता म्हणाले, "आन् आलोच हाय तर खारपड जमिनीवरचं वडलांचं पुस्तक द्या काढून. पाणी जास्त झालंय, रान पांढरं पडाय लागलंय."

त्र्यंबकराव हसतच उठले. पाटलांचं पहिलं कपाट झालं, दुसरं झालं, तिसऱ्यातली पुस्तकं तर जमिनीवर आली. यादीतल्या पाटलांच्या पानावरून बोट तीनदा फिरलं. अर्धा तास गेला आणि चिटणिसांचा सदरा घामानं पाठीला चिकटला.

"नाही हो इथं," ते पुटपुटले.

"न्हाय म्हंजे? मी ह्या हातानं आणून दिल्यालं पुस्तक," पाटील तापले.

त्रिशलानं कुणाची परवानगी विचारली नाही. तिनं कार्डांच्या पेटीतला शेतीचा खण ओढला, कार्डं चाळली आणि मोठ्यानं वाचलं, "खारपड जमिनीची सुधारणा. दात्री, सौ. बनाबाई चौगुले, निपाणी. कपाट अकरा." जाऊन पुस्तक आणलं आणि पाटलांच्या हातात ठेवलं.

पाटलांनी तिच्या हातातलं कार्ड घेऊन स्वतः वाचलं. "ही तर माझी थोरली आक्का," ते म्हणाले. मग सभेला सांगू लागले, "तिच्या व्रताचं उद्यापन केलतं, तवा शास्त्रदान म्हणून पुस्तकं दिलेली. पोथ्यांबरोबर वडलांनी शेतीची पण घातली. दान तिचं, म्हणून नाव तिच्या सासरचं. माझ्या ध्यानातनं पार गेलतं बघा."

त्यांनी डोळे पुसले. "आक्का जाऊन सा वर्सं झाली. तिचं पुस्तक तुमच्या यादीला घावलं न्हाय, ह्या पोरीला घावलं. कार्डं ऱ्हाऊ द्या. आन् ही पण हितंच ऱ्हाईल."

भराभर हात वर झाले. एकही खाली राहिला नाही. त्रिशला मात्र ताठ उभी होती. आता कुणी तिला हलवून दाखवावं.

सभा पांगली. खुर्च्या लावून झाल्यावर त्र्यंबकराव तिच्या टेबलाशी घुटमळले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "संधिवातावर काही असेल का हो? गुडघे फार धरतात."

"वैद्यक, डावीकडचा खण," त्रिशला म्हणाली. "तुम्हीच बघा."

त्यांनी चष्मा लावला, खण ओढला आणि एकेक कार्ड पुढं सारू लागले. चार पुस्तकं निघाली, चार वेगवेगळ्या कपाटांत. इतकी वर्षं रोज त्या कपाटांपुढून ते लंगडत जात होते.