पिंपावरची परात

भागोजी दोन यंत्रं समोर मांडून पडवीत बसला होता. मिरजोळ्याला एमआयडीसीत वर्कशॉप चालवणाऱ्या हरिश्चंद्रने ती त्याला आठवडाभर वापरून बघायला दिली होती. पसंत पडेल ते ठेवायचं, दुसरं परत करायचं. एक ग्राइंडर, गरगर फिरणाऱ्या दगडी चकतीचा. दुसरी खालीवर नाचणारी विजेची करवत.

"पातळ पत्र्याला करवतच बरी, म्हणतो हरिश्चंद्र," भागोजी बायकोला म्हणाला. "पण ती मुंगीसारखी चालते. ग्राइंडर म्हंजे कसा, पट्टी असू दे नायतर पत्रा, सरळ दोन तुकडे."

"आणि बोट असू दे," सखू म्हणाली.

"तू भाकऱ्या भाज गो! गोदीत सव्वीस वर्षं काय गोट्या खेळलो मी?"

गोठ्याच्या एका कोपऱ्यावर पत्रा घालायचा होता. लोट्याच्या केमिकल कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या पुतण्याने तो कापून काढायला भंगारातून एक रिकामं लोखंडी पिंप आणून दिलं होतं. आत पाली-विंचू शिरू नयेत म्हणून सखूने त्याची दोन्ही बुचं पान्याने करकचून आवळली होती. तीन दिवस ते अंगणातल्या कातळावर उन्हात उभं होतं. त्यावर सखू सुकटीची परात वाळत ठेवायची.

दुपारी ती सुकट चाळवायला गेली. परात डुगडुगली. तिने ती फिरवून ठेवली, तरी डुगडुगली. काल तर सपाट बसत होती. तिने परात उचलली. पिंपाचा वरचा पत्रा पोट फुगल्यासारखा वर आला होता. तेवढ्यात आतून आवाज झाला, टण्!

सखू परात घेऊन मागे सरली. तिला बाबल्या आठवला. भागोजीचा गोदीतला जोडीदार. टाकी कापायची तर आधी ती धुवायची, हवा खेळवायची, साहेबाची चिठ्ठी घ्यायची. बाबल्याने एकदा चिठ्ठी घेतली नाही. टाकी रिकामीच आहे, म्हणाला. आत नुसती तेलाची वाफ होती. ठिणगी पडली आणि बाबल्या ओळखू येईना. ही गोष्ट भागोजीनेच तिला जेवताना दहादा सांगितली होती.

मागे ग्राइंडर किंचाळला. भागोजीने गोठ्याची लोखंडी पट्टी कापून बघितली. ठिणग्यांचा फवारा थेट तुळशीपर्यंत गेला. मग तो खुशीत पिंपाकडे वळला.

"आवो! थांबा! पिंप फुगलंय!"

भागोजीच्या कानात कापसाचे बोळे होते. ती जेवायला बोलावतेय असं वाटून त्याने डावा हात हलवला. "आलो, आलो! वाढून ठेव!"

त्याचा खांदा ओढावा, तर चकती मांडीत जाईल. सखू पडवीकडे धावली. पाटावर चढली, भिंतीवरच्या मीटरखालचा चिनी मातीचा फ्यूज दोन्ही हातांनी धरला आणि उपटला.

किंचाळणं उतरत गेलं. पण चकती अजून फिरत होती. सखू पाटावरून बघत राहिली. चकती पिंपापासून वीतभर. देवा, थांबव. चकती मंदावली. तिच्यावरची अक्षरं दिसू लागली. मग ती थांबली.

"लाइट गेली गो!" भागोजी ओरडला. "ऐन कामाच्या वेळी जाते बघ!"

ती पान्यासकट समोर उभी राहिली. पाना त्याच्या हातात दिला. तिने नुसतं बुचाकडे बोट दाखवलं. भागोजीने हसत हसत बूच अर्धा आटा फिरवलं.

फुस्सकन वारा सुटला. थिनरसारखा वास नाकात घुसला, डोळ्यांना पाणी आलं. गोठ्यातल्या म्हशीने दावं ओढलं. भागोजी पान्यासह मागे सरला आणि कातळावरच बसला. ग्राइंडर त्याने पायाने दूर सारला.

"रिकामं होतं गो," तो हळूच म्हणाला. "मी समजलो, रिकामं."

"बाबल्यापण तेच समजला ना?"

 अंधार पडायच्या आत भागोजीने पिंप माडाखाली लांब नेलं. त्याच्या जवळ चूल नको, विडी नको, असं त्यानेच बजावलं. ग्राइंडर हरिश्चंद्रला परत द्यायचा ठरला. पत्रा कोरा आणायचा आणि करवतीने मुंगीसारखा कापायचा.

"आता फ्यूज दे, दिवा तरी लागू दे."

सखूने मूठ पुढे केली. बोटं उघडेनात. भागोजीने एकेक करून ती सोडवली.