चाक कुरकुरतं, पण फिरतं

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. सगळ्या देशांनी मिळून थाटलेल्या एका न्यायालयाच्या तळघरात राहते. लोखंडी सांगाडा, दोन फळ्या, चार चाकं. पुढचं डावं चाक जरा कुरकुरतं. वय झालं, चालायचंच.

माझं काम सोपं. खटल्याच्या पुराव्यांची पेटी दप्तरदारकाका माझ्यावर ठेवतात आणि लिफ्टपाशी आणतात. वरून घंटा वाजली की आम्ही न्यायाधीशांपुढे जातो. नाही वाजली, तर पेटी परत कपाटात.

तरुणपणी माझा थाट विचारू नका. एका छोट्या देशाच्या सेनापतीने शाळेवर बॉम्ब टाकले होते. त्या खटल्यात घंटा रोज वाजायची. तीन महिन्यांत त्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी काकांनी मला लख्ख पुसलं, पेपरात माझा फोटोसुद्धा आला. मला वाटलं, न्याय माझ्याच चाकांवर चालतो. किती खुळी होते मी!

मग एका शिक्षिकाबाईंची पेटी आली. त्यांच्याही शाळेवर बॉम्ब पडले होते. सतरा मुलं गेली. पेटीत तसेच फोटो, तशीच जळकी दप्तरं. फक्त विमानं एका बलाढ्य देशाची होती. अकरा तारखांना आम्ही लिफ्टपाशी ताटकळलो, पण घंटा काही वाजली नाही. बड्या देशाला दुखवायची घंटा वाजवणाऱ्या वरच्या साहेबांची छाती होत नव्हती. पेटी वर का गेली नाही, याचं कारण मात्र काकांच्या वहीत लिहावं लागतं. साहेब फोनवर सांगायचे आणि काका खाली मान घालून लिहायचे, 'गाडी नादुरुस्त.' अकरा वेळा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाराव्या तारखेला बाई स्वतःच तळघरात आल्या. हातात त्या जुन्या निकालाची प्रत होती.

"काका, यात लिहिलंय, शाळेवर बॉम्ब टाकणं गुन्हा आहे. मग माझी शाळा काय शाळा नव्हती?"

"मी काय बोलणार, बाई? गाडी बिघडलीय."

बाई खाली वाकल्या. त्यांनी माझी चारही चाकं हाताने फिरवून पाहिली. मग पेटी उचलून माझ्यावर ठेवली आणि मला लिफ्टपर्यंत ढकलत नेलं. मी कुरकुरले, पण सरळ गेले.

"चालतेय की हो ही!"

काकांनी वही उघडली आणि लिहिलं, 'गाडी चालू आहे. घंटा वाजली नाही.' खाली सही केली.

आठवड्याभरात काकांची बदली झाली. मला भंगाराच्या कोपऱ्यात लोटलं आणि रबरी चाकांची नवी गाडी आली. वहीत मात्र पुन्हा तेच जुनं कारण, 'गाडी नादुरुस्त.' बाई अजूनही दर तारखेला येतात, नव्या गाडीची चाकं फिरवून पाहतात आणि लिफ्टपाशी बसून राहतात.

मित्रांनो, मी आता फार थकले आहे. मला तेल नको, रंग नको. उद्या तुमच्यातलं कोणी त्या घंटेपाशी बसलं, तर पेटी कोणाविरुद्ध आहे हे न बघता ती वाजवा. बाई खाली थांबल्या आहेत.