आठ अक्षरांचं कपाट

भरतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं, तेव्हा शिकायला सगळ्यांनी मावशींनाच पुढे केलं. वय बावन्न, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढता, सुईत दोरा ओवायलाही शेजारणीला हाक मारावी लागे. मशीन जमलं तर नोकरी, नाहीतर घर. मावशी हट्टाला पेटल्या आणि महिन्याभरात शिकल्या.

मग माशी शिंकली. मावशींनी नर्सच्या टोप्यांची नक्षी इंग्रजीत ‘हॉस्पिटल नर्स’ नावानं साठवली, नंतर डॉक्टरांच्या कोटांची ‘हॉस्पिटल डॉक्टर’ नावानं. मशीन नावाची पहिली आठच अक्षरं घेई आणि बाकीची चुपचाप छाटून टाकी. ‘हॉस्पिटल’मध्येच आठ संपली! दुसरी नक्षी पहिलीला पुसून तिच्या जागी बसली आणि दोनशे टोप्यांवर डॉक्टरांचं चिन्ह उमटलं.

मालक तापले. "उद्या मशीन परत! हाताचं काम असं हरवत तरी नाही."

 मशीनबरोबर आपलीही पाठवणी होणार, हे मावशींना न सांगता कळलं.

सकाळी मशीन न्यायला विक्रेता आला. टाय घट्ट, आणि जास्त अक्षरं मागणाऱ्या मावशींना दिलेलं उत्तर त्याहून घट्ट. "आठ म्हणजे आठ, मावशी. ब्रह्मदेव आला तरी नववं बसणार नाही. ‘एचएन एक’ असं काहीतरी ठेवा."

"आणि सहा महिन्यांनी एचएन म्हणजे कोण, हे तुमच्या ब्रह्मदेवाला विचारू?"

रागारागात त्या रिळांच्या कपाटाकडे वळल्या आणि तिथेच थबकल्या. कपाटावर लिहिलं होतं ‘रेशीम’. आतल्या खणावर ‘लाल’. खणातल्या डबीवर नुसतं ‘जाड’. डबीवर अख्खी वंशावळ कोण लिहितं?

"अहो, तुमच्या मशीनमध्ये खण करता येतात का?"

"येतात की."

"खणात खण?"

"तेही येतात."

"आणि प्रत्येक खणाला वेगळी आठ अक्षरं?"

"हो... प्रत्येकाला आठ!" विक्रेत्यानं टाय सैल केला. इतकी मशीनं विकली, पण हे गड्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मावशींनी ‘हॉस्पिटल’ नावाचा खण केला. त्यात ‘नर्स’, त्यात ‘टोपी’. मूळ कागद काढून हरवलेली नक्षी पुन्हा भरली, आणि दुपारपर्यंत साऱ्या नक्ष्या आपापल्या खणांत गेल्या.

मालक चष्मा पुसत आले. "डॉक्टरांचा कोट दाखवा." आला. "शाळेचा बिल्ला, निळा." आला. "नर्सची टोपी." तीही आली. मालकांनी आणखी चार मागून पाहिल्या, चारही पहिल्या झटक्यात हजर.

"मशीन राहू दे," मालक विक्रेत्याला म्हणाले. मग मावशींकडे न बघताच पुटपुटले, "आणि चालवणारं माणूसही."

मावशींना इतका आनंद झाला की हसू आवरेना. तेवढ्यात विक्रेत्यानं खिशातून वही काढली. "मावशी, जरा सावकाश सांगा. दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही शिकवायला हवं."

मावशींनी त्याच्याकडे खुर्ची सरकवली. "घ्या लिहून. मोठ्या अक्षरात लिहा, मला तपासायचंय."