उसना आजार

"मॅडम, सिकलसेल आपला आपण निघून जातो का हो?"

कोकिळाने भर वर्गात उभं राहून विचारलं आणि मागच्या बाकावर रिना आणि रविनाने एकमेकींना चिमटे काढले. पैज त्यांचीच होती. विचारलंस तर तू खरी, नाहीतर आजपासून तुझं नाव फेकाडी.

"नाही बाळा," तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या. "असला तर जन्मापासून असतो. तुला नाहीच आहे. निवांत राहा."

निवांत! नववीतल्या कोकिळाला सिकलसेल आहे हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. म्हणून तर ती पळायची नाही. खो-खोच्या तासाला सगळ्यांच्या चपला राखत बसायची. म्हणून रोज रात्री गोळी आणि अधूनमधून नंदुरबारच्या दवाखान्याची वारी. रविनाला मात्र खराच होता. थंडी पडली की तिचे सांधे असे ठणकायचे की बाकावर मुटकुळं करून पडायची. दोघींची दोस्ती जमली ती त्यावरच. आणि आज बोटातलं थेंबभर रक्त बोंबलून सांगत होतं, हिला काही नाही!

"मन्हा आजार चोरीसन मिरवी ऱ्हायनी व्हती का वं?" सुट्टीत रविना म्हणाली. हसली, पण अर्धीच.

मागच्या वर्षीची कोकिळा असती तर गोधडीत तोंड खुपसून रडली असती. पण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून तिच्या जिभेला लगाम राहिला नव्हता. घरातसुद्धा शाळेची मराठी झाडायची. दप्तर न उतरवताच ती आईपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, मला कसला आजार आहे?"

"सिकलसेल," भाकरी थापता थापता आशा म्हणाली. "कितला येळ सांगू?"

"तो नाही. शाळेत तपासला."

थापणारा हात थांबला. "मंग... रगत कमी शे तुन्हं."

"तेही तपासलं. हिमोग्लोबिन बारा आहे. मॅडम छान म्हणाल्या."

"तुन्हा बापले इचार."

बाप, ईश्वर, ओट्यावर पंपाची मोटर उलगडून बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "मायले इचार."

"तिनेच पाठवलंय!"

"मंग गुरुवारले दवाखानामा ताईले इचारजो."

दवाखान्यात गोळ्यांबद्दल समजावून सांगणाऱ्या ताईंना तर तिने मागच्याच खेपेला विचारलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, तुला सांगा म्हणून मी आईबाबांच्या किती मागे लागलेय, ते हो म्हणाले की आपण सगळे बसून बोलू. म्हणजे आई बाबांकडे, बाबा ताईंकडे, ताई फिरून आईबाबांकडे. खो-खोला निदान नियम तरी असतात! इथे जो तो दुसऱ्याला खो देऊन मोकळा, आणि पळापळ कोणाची? जिला पळायची बंदी, तिची!

जेवणं झाली. आईने रोजच्यासारखा पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली. जणू काही झालंच नव्हतं.

"कशाची?"

"ताकदनी."

"असं होय." कोकिळाने गोळी कागदात गुंडाळली आणि दप्तरात टाकली. "मग उद्या रविनाला देते. तिला ताकदीची जास्त गरज आहे."

"खबरदार!" आशाने दप्तरावर झडपच घातली. "दुसराले देवानी नई ती!"

"का?"

आशा ईश्वरकडे बघायला लागली. ईश्वर आशाकडे.

"सांगी टाक," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगा."

"अरे देवा!" कोकिळा ओरडली. "पुन्हा खो!"

शेवटी ईश्वरनेच सांगितलं, हाताचं ग्रीस पुसत, हाताकडेच बघत. "एचआयव्ही शे बेटा. मन्हापाईन तुन्ही मायले, मायपाईन तुले. जन्मपाईन."

एचआयव्ही. विज्ञानाच्या पेपरात तिने त्याचं उत्तर लिहिलं होतं. चारपैकी चार. समासात लाल फीतसुद्धा काढली होती. त्या उत्तरात 'रुग्ण' होता, 'समाज' होता, कोकिळा कुठेच नव्हती.

"मी मरणार आहे?"

"नई वं!" आशा जवळ सरकली. "गोळी रोज लिधी ते काहीच व्हत नई. तुन्हं चांगलं शे, ताई म्हनस."

"मग पळता येतं?"

ईश्वर पुन्हा ग्रीस पुसायला लागला.

"पळता येतं का?"

"ताई म्हनस, काहीच बंदी नई," आशा पुटपुटली. "पन सिकलसेल सांगेल व्हतं ना. तू पळनी असती ते लोके काय म्हनतीन..."

"म्हणजे तुमचं खोटं टिकावं म्हणून मी चपला राखल्या? पाचवीपासून?"

आशाला हुंदका आला. "मीच दिधं तुले. कोनता तोंडनं सांगू?"

"मुद्दाम दिलंस का? नाही ना? मग त्यावर मी चिडलेच नाहीये!" कोकिळाच्याही डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. "चपलांवर चिडलेय मी!"

"कोनले सांगू नको," आशा तिचा हात धरून म्हणाली. "रविनाले बी नई. शपथ ले."

"शाळामा सांग, थायरॉईड शे," ईश्वरने लगेच सुचवलं. "आमन्ही वहिनीले शे. ती बी रोज गोळी लेस."

कोकिळा त्याच्याकडे बघतच राहिली. खरं बोलून अजून घोटभर पाणी प्यायले नाहीत, तोवर नवा आजार तयार! तोही वहिनीकडून उसना!

तिने दप्तरातून गोळी काढली, कागद सोडवला आणि गिळली. मग स्पर्धेत उभी राहायची तशी पाय जुळवून उभी राहिली.

"आता दोघांनी ऐका. गोळी मी रोज घेणार, माझी मी. गुरुवारी ताईंसमोर आपण तिघं बसणार, बाहेर कोणी थांबायचं नाही. आणि थायरॉईड नाही, कावीळ नाही, कोणाचाच आजार मी आता उसना घेणार नाही. उद्या रविनाला सांगणार, मला सिकलसेल कधीच नव्हता, घरच्यांनी खोटं सांगितलं होतं. मग काय आहे, असं ती विचारेल. तेव्हा म्हणेन, आत्ता नाही सांगायचं मला. पुढे सांगायचं की नाही, कोणाला, कधी, ते मी ठरवणार. शपथबिपथ काही घेणार नाही."